संज्ञा पाठ आहेत, पण कवितेत ओळखू येत नाहीत : बारावीच्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी कला शाखा, महाराष्ट्र बोर्ड. कॉलेजात इंग्रजीच्या बाईंनी साठेक साहित्यिक संज्ञांची यादी दिली आहे, व्याख्या आणि प्रत्येकीचं एक उदाहरण. शिवाय दर आठवड्याला वीस नवे शब्द, अर्थासकट. सगळं पाठ होतं, शनिवारच्या चाचणीत मार्कही पडतात, पण पंधरा दिवसांनी पाटी कोरी. नवी कविता समोर आली की एकही अलंकार सापडत नाही. तुझा सवाल असा की पाठांतर कुठे कमी पडतंय.

पाठांतर भरपूर आहे. मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि तुझं लिहिणं वाचून मला अडचण दुसरीकडे दिसते. संज्ञा शिकणं आणि शब्द शिकणं ही दोन निरनिराळी कामं आहेत आणि तू ती एकाच वहीत एकाच पद्धतीने करतेयस : डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ, हात ठेवून म्हणायचं. संज्ञा म्हणजे ओळख पटवण्याचं काम. ओळ बघायची आणि ती कोणत्या जातीची ते ठरवायचं. शब्द म्हणजे आठवण्याचं आणि वापरण्याचं काम. पहिल्याला सरमिसळ उदाहरणं लागतात, दुसऱ्याला अंतर ठेवून केलेली उजळणी लागते. दोन रकान्यांच्या वहीत यातलं काहीच होत नाही.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगते. परीक्षेला तीन महिने असतील तर पुढचं सगळं कर. तीन आठवडे असतील तर शब्दांचा भाग जवळजवळ सोडून दे आणि फक्त धड्यांतले शब्द बघ. दुसरं, ही साठ संज्ञांची यादी विचारणार कोण? बोर्डाचा पेपर ८० गुणांचा लेखी आणि २० गुण तोंडी वगैरे. लेखीत कवितेच्या उताऱ्याखाली अलंकार विचारतात आणि रसग्रहणाचा ४ गुणांचा वेगळा प्रश्न असतो. तेवढ्यासाठी वीस-बावीस अलंकार चोख आले की भागतं. कादंबरीच्या विभागासाठी कथानक, पात्र, स्थळकाळ, संघर्ष, विषयसूत्र अशा मोजक्या संज्ञा. यादीतल्या बाकीच्या बी.ए.ला इंग्रजी घेतलंस तर पुन्हा भेटतील, तेव्हा बघ. सीबीएसई किंवा आयएससीची मुलं हे वाचत असतील तर त्यांचा पेपर वेगळा आहे, पण शिकण्याची रीत तीच.

आता संज्ञांकडे.

यादीत 'सिमिली' (म्हणजे उपमा) या मथळ्याखाली सिमिलीचंच उदाहरण छापलेलं असतं. तिथे ओळखायला काही उरतच नाही. परीक्षेत ओळ एकटी येते आणि नाव तुला द्यायचं असतं. म्हणजे तू सराव करतेयस एका गोष्टीचा आणि परीक्षा देतेयस दुसऱ्याच. हापूस आणि पायरी यांतला फरक व्याख्या वाचून कुणाला कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून, उचलून, वास घेऊन, दोन-चारदा फसून कळतो. अलंकारांचंही असंच आहे.

याला पुरावाही आहे. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग छापला. लोकांना बारा चित्रकारांची निसर्गचित्रं दाखवली. काही चित्रकारांची चित्रं सलग एकामागून एक, बाकीच्यांची एकमेकांत मिसळून. मग त्याच चित्रकारांची पूर्वी न पाहिलेली चित्रं दाखवून विचारलं, हे कोणाचं? मिसळून पाहिलेले चित्रकार जास्त ओळखले गेले. गंमत अशी की पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांना मात्र सलग पाहूनच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. तुला यादी वाचताना "हे तर सगळं येतंय" असं वाटतं ना, ते हेच.

म्हणून यादी बाजूला ठेव आणि चिठ्ठ्या कर. पाठ्यपुस्तकातल्या कवितांमधली एकेक ओळ एका चिठ्ठीवर. मागे अलंकाराचं नाव. सगळ्या एका डब्यात. रोज आठ-दहा चिठ्ठ्या काढायच्या, नाव सांगायचं आणि लगेच "कारण..." म्हणून वाक्य पुरं करायचं, तेही मोठ्याने. कारण सांगता आलं नाही तर नाव बरोबर आलं तरी चिठ्ठी परत डब्यात. डब्यात काही ओळी मुद्दाम अशा टाक की ज्यांत अलंकारच नाही. सगळ्यांत जास्त शिकायला त्यांच्याकडूनच मिळतं.

'कारण' शोधायचं तर व्याख्येचा प्रश्न करून घ्यावा लागतो. सिमिलीचा प्रश्न : दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींची तुलना आहे का, आणि ती उघड बोलून दाखवली आहे का? एक ओळ घेऊन बघू. रॉबर्ट सदी या कवीची 'द इंचकेप रॉक' तुमच्या पुस्तकात आहे. तिची सुरुवात : "नो स्टर इन द एअर, नो स्टर इन द सी, द शिप वॉज स्टिल ॲज शी कुड बी." वर्गात विचारलं की हात वर होतात, "मॅडम, सिमिली!" का? तर 'ॲज' दिसला. ठीक, पण जहाजाची तुलना कशाशी केली आहे? कशाशीच नाही. जितकं स्थिर राहता येईल तितकं ते स्थिर होतं, एवढंच म्हटलंय. तुलनेची दुसरी बाजूच नाही, मग सिमिली कुठली? इथे हमखास काय आहे तर 'नो स्टर' दोनदा येणं, म्हणजे रेपिटिशन. जहाजाला 'शी' म्हटलंय म्हणून कुणी पर्सॉनिफिकेशन, म्हणजे निर्जीवाला माणूसपण देणं, म्हणेल. पण इंग्रजीत जहाजाला 'शी' म्हणण्याची जुनीच पद्धत आहे, त्यामुळे तेवढ्या एका शब्दावर मी तरी ते लिहिणार नाही.

याच ओळीवर ॲलिटरेशनही, म्हणजे जवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज पुन्हा येणं, तपासून बघ. 'शिप', 'स्टिल', 'शी' हे तिन्ही शब्द इंग्रजीत 'एस'ने सुरू होतात. ॲलिटरेशन मात्र आवाजाचं असतं, अक्षराचं नसतं. इथे मराठी माध्यमातल्या मुलांकडे एक हत्यार आहे आणि ते ती वापरत नाहीत : शब्द देवनागरीत लिहून बघायचा. शिप, स्टिल, शी असं लिहिलं की 'शिप' आणि 'शी' जुळतात, 'स्टिल' बाहेर पडतो, हे डोळ्यांनाच दिसतं. 'नाइफ' आणि 'नाइट' जुळतात, मग स्पेलिंगमध्ये 'के' असो की नसो. 'कॅट' आणि 'सिटी' दोन्ही 'सी'ने सुरू होऊनही जुळत नाहीत. फक्त एका ठिकाणी ही युक्ती फसते. 'डब्ल्यू' आणि 'व्ही' आपण बोलताना दोन्ही 'व' करून टाकतो. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत.

मराठीच्या तासाला शिकलेले अलंकारही विसरू नकोस. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती ही मंडळी सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, हायपर्बली या नावांनी तिकडे बसलेली आहेतच. घोटाळा होतो तो दोन जागी. उत्प्रेक्षेला इंग्रजीत वेगळा कप्पा नाही. 'जणू'च्या जागी 'ॲज इफ' आलं की शाळेच्या पातळीवर ते सिमिलीतच जातं. आणि आपला अनुप्रास ओळीत कुठेही वर्ण पुन्हा आला तरी होतो, ॲलिटरेशन मात्र शब्दाच्या सुरुवातीच्या आवाजापुरतं बघतात.

जे अलंकार एकमेकांसारखे दिसतात त्यांच्या जोड्या करून शिक, सुटे नको. मेटॉनिमी आणि सिनेकडकी यांत निम्मा वर्ग अडकतो. "मंत्रालयाने परिपत्रक काढलं." परिपत्रक इमारत काढत नाही, तिथे बसणारं सरकार काढतं. संबंधित गोष्टीचं नाव घेतलं, ही मेटॉनिमी. "घरात खाणारी तोंडं सात." तोंड हा माणसाचाच भाग, भाग सांगून पूर्ण माणूस मोजला, ही सिनेकडकी. विचारायचा प्रश्न एवढाच : जे नाव घेतलं ते त्या वस्तूचा तुकडा आहे, की शेजारी?

ऑक्झिमोरॉन आणि पॅरॅडॉक्स ही दुसरी जोडी. 'उघड गुपित' म्हणताना दोन उलटे शब्द खांद्याला खांदा लावून उभे आहेत, तो ऑक्झिमोरॉन. तुकोबा "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां" म्हणतात तेव्हा शब्दांत भांडण नाही, विधानच अशक्य वाटतं, आणि विचार केला की पटतं. तो पॅरॅडॉक्स. पर्सॉनिफिकेशन आणि ॲपॉस्ट्रॉफी यांचं सोपं आहे : निर्जीव गोष्ट माणसासारखं काही करत असेल तर पहिलं, कवी तिला थेट हाक मारून बोलत असेल तर दुसरं, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच ओळीत नांदतात.

आयरनी, म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलट घडणं, मात्र चिठ्ठीत मावत नाही. ती बहुधा एका ओळीत नसते, घटनेत असते. 'इंचकेप रॉक'मध्ये मठाधिपतीने खलाशांना सावध करायला खडकावर घंटा बांधली. सर राल्फ या चाच्याने केवळ त्या मठाधिपतीचं नाव खराब व्हावं म्हणून ती तोडून समुद्रात बुडवली. पुढे लूट भरून परत येताना दाट धुक्यात त्याचंच जहाज त्याच खडकावर आदळलं, आणि आदळण्याच्या जरा आधी त्याच्याच गलबतावरचा एकजण म्हणतो, घंटा ऐकू आली असती तर बरं झालं असतं. आयरनी ती इथे. नुसतं वाईट माणसाचं वाईट झालं एवढं असतं तर तिला आयरनी म्हटलं नसतं. त्याच्याच कृतीने त्याचाच घात झाला आणि तो नेमका उलट्या दिशेने आला, म्हणून म्हणायचं. अशा संज्ञांसाठी अख्खी कविता वाचून चार ओळींत गोष्ट लिहून काढ आणि मग वळण कुठे आहे ते शोध.

नाव ओळखल्यावर खुलासा लिहायचा असतो, आणि तिथे मुलं "दोन गोष्टींची तुलना केली आहे म्हणून सिमिली" असं लिहून मोकळी होतात. ही व्याख्या झाली, कवितेविषयी अजून अक्षर नाही. कोणाची कोणाशी तुलना आणि तिने साधलं काय, हे दोन्ही लिही. बायरनच्या 'शी वॉक्स इन ब्यूटी'त त्या स्त्रीचं सौंदर्य रात्रीसारखं आहे म्हटलंय. सौंदर्याला चंद्र-सूर्य नेहमीचेच, याने रात्र घेतली, तीही निरभ्र आणि ताऱ्यांनी भरलेली, म्हणजे अंधार आणि उजेड एकत्र नांदणारी. एवढं एक वाक्य इंग्रजीत साध्या शब्दांत आलं की खुलासा पुरा झाला. रसग्रहणातही हेच वाक्य कामाला येतं, वेगळी तयारी लागत नाही.

जाता जाता उच्चार. तोंडी परीक्षेत 'हायपरबोल' आणि 'सिमाइल' फार ऐकू येतं. हाय-पर्-ब-ली, सि-मि-ली, सि-नेक्-ड-की. चिठ्ठीच्या मागे देवनागरीतच लिहून ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

आता शब्द. इथली गोष्ट निराळी.

शुक्रवारी रात्री वीस शब्द चार-पाचदा वाचले की शनिवारी सकाळी ते येतात. सोमवारनंतर ते कुणी विचारत नाही, म्हणून ते जातात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. वाचण्यात वेळ घालवू नकोस. आठवण्यात घाल.

त्याआधी शब्द निवडायचे. वीसच्या वीस सारख्या तोलाचे नसतात. सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'मध्ये 'हॅल्सिअन' येतो, म्हणजे खंड्या पक्षी. त्याच्या पंखासारखं निळं वस्त्र. हा शब्द समोर आला की कळला पाहिजे, बस्स. तुझ्या निबंधात तो येण्याची गरज नाही. उलट 'रिलक्टंट' हा शब्द तुला लिहिता-बोलता आला पाहिजे. तेव्हा शब्दांचे दोन ढीग कर, नुसते ओळखायचे आणि वापरायचे. मेहनत दुसऱ्या ढिगावर.

'रिलक्टंट'चाच नमुना बघ. वहीत अर्थ असतो 'नाखूश'. मग मुलगी लिहिते, मी माझ्या मार्कांवर रिलक्टंट आहे. अर्थ वहीतला, चूकही वहीतलीच. हा शब्द मार्कांवरच्या नाराजीसाठी नाहीच. काही करायला मन धजत नाही, माणूस कां-कू करतो, तिथे तो येतो आणि त्याच्यामागे 'टू' आणि क्रियापद येतं. 'शी वॉज रिलक्टंट टू स्पीक.' म्हणून शब्द एकटा उतरवायचाच नाही. त्याच्या मागेपुढे जे बसतं त्याच्यासकट उतरवायचा. तसाच 'डिस्कस'. मराठीत आपण 'विषयावर चर्चा' करतो म्हणून इंग्रजीत त्याच्यापुढे 'अबाउट' चिकटवतो, आणि तिथे ते नको असतं. असं वाक्य मिळायला विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश लागतो, ए. एस. हॉर्नबीने सुरू केलेला ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स त्यासाठी चांगला. नुसत्या इंग्रजी-मराठी कोशावर हे भागत नाही. मराठी अर्थ जरूर लिही, पण वाक्य आधी.

कार्ड असं कर : पुढच्या बाजूला वाक्य, शब्दाच्या जागी गाळलेली जागा आणि पहिलं अक्षर. मागे शब्द, उच्चार, मराठी अर्थ, आणि खाली तुझं स्वतःचं एक वाक्य, घरातलं किंवा कॉलेजातलं. तुझी वाक्यं आठवड्यातून एकदा बाईंना दाखव. चूक पक्की होण्याआधी पकडली जाते.

आणि उजळणी खोक्यांनी. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडली. चपलांच्या खोक्याचे तीन कप्पे पुरतात. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. पुन्हा आलं की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. अँड्रॉइड मोबाइलवर 'आन्की' हे ॲप हेच काम करतं आणि फुकट आहे, पण हातात मोबाइल आला की पुढे काय होतं ते तुला माहीत आहे, म्हणून मी कागदाच्या बाजूची. दिवसाला चार-पाच नवे शब्द, जास्त नको, नाहीतर पहिला कप्पा फुगतो आणि आठवड्यात सगळं बंद पडतं.

शब्दांचं कुटुंबही एकाच कार्डावर घे : डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह. व्याकरणाच्या प्रश्नात शब्दाचं रूप बदलायला सांगतात, तिथे हे उपयोगी पडतं.

थोडक्यात पुन्हा सांगते : अलंकारांसाठी सरमिसळ ओळींचा डबा आणि 'कारण', शब्दांसाठी वाक्यासकट कार्डं आणि तीन कप्पे. रोज पंधरा मिनिटं डबा, दहा मिनिटं कार्डं. दोन्ही एकाच बैठकीत केलेस तरी चालेल, वही मात्र एक नको.

राहिली शनिवारची चाचणी. तिला बगल देऊ नकोस, बाईंशी वादही नको. यादी सोमवारी मिळते ना? सोमवारी निवड आणि कार्डं, मंगळवार ते गुरुवार पहिला कप्पा, शुक्रवारी फक्त जे अडलेत ते. ज्या शब्दांना तू 'नुसते ओळखायचे' म्हणून बाजूला ठेवलंस तेही चाचणीपुरते शुक्रवारी वाचून घे. शनिवारनंतर ते विसरलीस तरी बिघडत नाही. आणि गाइडमध्ये एका ओळीला एक अलंकार दिलाय, वर्गात बाईंनी दुसरा सांगितला, असं झालं तर दोन्ही चिठ्ठीच्या मागे लिही, प्रत्येकाचं कारण लिही, आणि ज्याचं कारण तुला दोन वाक्यांत नीट मांडता येतंय तोच पेपरात घे.